कोरं करकरीत

पेपंगला मरणाची भीती नव्हती. मरणाची तयारी तिने केव्हाच करून ठेवली होती. पांढरा पोशाख इस्त्री होऊन कपाटात टांगलेला होता, आणि प्रेतयात्रेत बँडने कुठलं गाणं अजिबात वाजवायचं नाही हेही तिने धाकट्या बहिणीला, चोलेंगला, बजावून ठेवलं होतं. तिला भीती वाटायची ती जमिनीची.

तीही परक्या जमिनीची नाही, गिंबाल गावातल्या तिच्या स्वतःच्या घराच्या जमिनीची. माडीवरच्या त्या रुंद फळ्यांवर ती रांगली होती. तरुणपणी मेण लावून, नारळाचं अर्धं सोडण पायाखाली धरून, एका पायावर डोलत डोलत, तिने त्या फळ्या घासघासून आरशासारख्या केल्या होत्या. तेव्हा गल्लीतली पोरं मुद्दाम खिडकीखालून ये-जा करायची, असं चोलेंग अजून सांगते आणि सांगताना डोळा मारते. त्याच फळ्या आता आपल्याला खाली ओढायला टपून बसल्यात असं पेपंगला वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं. तोल तिथूनच सांभाळला जातो म्हणे. भाताचं पातेलं उतरवताना खोली गरकन फिरली आणि ती स्वयंपाकघरात आडवी झाली. हाड मोडलं नाही. पण चोलेंग बाजारातून येईपर्यंत ती तशीच पडून होती. ओरडायला गेली तर आवाज फुटेना. सांडलेल्या भाताला मुंग्या लागल्या आणि भातावरून त्या तिच्या हातावर आल्या. जेवणाच्या टेबलाची खालची बाजू तिने त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा पाहिली. अजूनही डोळे मिटले की तिला तीच दिसायची.

मग वेनाने फोनवर घाव घातला. वेना त्यांची भाची, दोघींना तिया म्हणजे मावशी म्हणणारी. आई गेल्यावर या दोघींनीच तिला वाढवलं, त्या नादात दोघींची लग्नं राहिली ती राहिलीच, आणि आता ती कॅनडात नर्स होती.

"तिया पेपंग, पुन्हा एकदा पडलीस ना, तर मी तुला शहरात चर्चच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात ठेवणार. तिया चोलेंग तुला उचलणार आहे का? तिचीच कंबर मोडायची."

"आणि चोलेंग?" पेपंगने विचारलं.

"ती धडधाकट आहे. तिला तिथे कशाला घेतील? ती घरीच राहील."

या दोघी जन्मभर एका मच्छरदाणीत झोपत आलेल्या.

पोरगी मायेची होती, नुसती धमकी देऊन थांबली नाही. तिने समुद्रमार्गे मोठ्ठा खोका पाठवला. त्यात चॉकलेटं, डबाबंद मांस, अंगाला लावायची लोशनं आणि सगळ्यांत खाली व्यायामाचं साधन. एक बुटकी फळी, तिच्यावर जाड मऊ गादी, तीन बाजूंनी धरायला कठडा आणि खाली रबरी पाय. गादीवर अनवाणी उभं राहायचं, कठडा धरून एकेक पाय उचलायचा. गादी मऊ, त्यामुळे पायांना तोल सांभाळायची पुन्हा सवय लागते. मग हळूहळू हात सोडायचे. तोल गेलेल्या म्हाताऱ्यांसाठीच बनवलंय, यावरून कोणी पडत नाही, असं वेनाने छातीठोकपणे सांगितलं.

ते खरंही होतं. फक्त गादी, कठडा, रबरी पाय, सगळं पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलं होतं, आणि या घरात ते गुंडाळलेलंच राहिलं.

काढायचं कोणाच्या मनातही आलं नाही. या घरात सोफ्यावर प्लास्टिक होतं, टीव्हीच्या रिमोटवर होतं. टेबलावर विणलेलं कापड होतं आणि त्या कापडावर प्लास्टिक होतं. भाचीने एवढ्या लांबून पाठवलेली चीज, ती काय उघडीनागडी वापरायची? कुठे चिकटपट्टीचं टोक सुटलं की चोलेंग ते नखाने दाबून परत चिकटवायची. शेजारीपाजारी बघायला आले, त्यांनी वाखाणणी केली आणि आपापल्या घरी जाऊन प्लास्टिकच्या सोफ्यावर बसले.

पहिल्याच दिवशी पेपंगने गादीवर पाय ठेवला आणि तो तिला न विचारता पुढे गेला. तळव्याला घाम होता. तिने कठडा घट्ट धरला, तर कठड्यावरचं प्लास्टिक मुठीत फिरलं. सगळा सांगाडाच मेणावरून थोडा सरकला असं तिला वाटलं, आणि तो खरंच सरकला होता.

"काय झालं गं मानांग?" चोलेंग ओरडली. थोरल्या बहिणीला तिकडे मानांगच म्हणतात.

"काही नाही."

काय सांगणार? सरकतंय म्हटलं, की म्हणजे तू पडतेस, आणि पडतेस म्हणजे आश्रम. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचीच खात्री नव्हती. जिला खोली फिरताना दिसते, तिने गादी सरकते म्हणावं, तर कोण विश्वास ठेवेल? तीच ठेवत नव्हती.

तेव्हापासून सकाळ झाली की तिची पाचावर धारण बसायची. कोकोमध्ये बुडवलेला पाव कपातच तुटून पडायचा. घाम येतो म्हणून तिने एक युक्ती काढली. चोलेंगची पाठ फिरली की बाळांची पावडर तळपायांना चोळायची आणि मग चढायचं. भीतीने माणसाची अक्कल कुठे जाते ते बघा. ज्याने जास्त घसरायला होतं तेच ती चोपडत होती, आणि जास्त घसरायला लागलं की आणखी पावडर लावत होती.

"भीती मनात असते, मानांग," चोलेंग कमरेवर हात ठेवून म्हणायची. "वेना म्हणाली ना? पायांना काही झालेलं नाही तुझ्या."

"मग मन इथे खुर्चीवर ठेवते आणि नुसते पाय चढवते. चालेल?"

"जिभेचा तोल बरा शाबूत आहे!"

दोघी हसायच्या. हसता हसता पेपंगचे डोळे फळ्यांकडे जायचे.

दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर वेनाचा फोन यायचा, चेहरा दाखवणारा. त्या रविवारी चोलेंगने उजाडायच्या आतच सोडण पायाखाली घेतलं होतं. सगळ्या माडीला नवं मेण लावलं. कठड्याचं, गादीचं प्लास्टिक फडक्याने पुसून लखलखीत केलं. भाचीला घर स्वच्छ दिसायला नको?

"अगंबाई, किती चकाकतंय!" फोनमधून वेना म्हणाली. "अजून कोरं करकरीत आहे!"

"मग? आम्ही काय वापरून खराब करणाऱ्या बायका आहोत?" चोलेंगची छाती फुगली.

वेनाने मग घसा खाकरला. "तिया पेपंग, आश्रमात एक खोली रिकामी झालीय. सिस्टरांना आजच हो की नाही सांगायचंय. तू आज दोन्ही हात सोडून उभी राहून दाखव. थोडाच वेळ. जमलं तर मी नाही म्हणून कळवते, आणि हा विषय संपला. नाही जमलं, तर मग ऐकायचं माझं."

तिने चोलेंगकडे पाहिलं. चोलेंग मोबाइल दोन्ही हातांत धरून, ओठ दाबून उभी होती, आणि पेपंगला दिसलं की हीसुद्धा घाबरलीय. इतके दिवस ही टोमणे मारत होती ते भीतीनेच.

ती चढली. एक पाय, मग दुसरा. खाली गादी दबली आणि तिच्यावरचं प्लास्टिक चुरचुरलं. तिने उजवा हात सोडला. कपाळावरून घाम नाकावर आला. आता डावा. एकेक बोट उचलत तिने डावा हात सोडला आणि ती उभी राहिली, खरंच उभी राहिली, आणि तेवढ्यात टाचा पुढे निघाल्या.

"दाय!" ती किंचाळली. लहानपणापासून चोलेंगला ती हीच हाक मारायची. दोन्ही हातांनी तिने कठड्याला मिठी मारली, आणि अख्खा सांगाडा तिच्यासकट मेणावरून सुळकन पुढे गेला.

चोलेंग धावली. बहिणीला सावरायला तिने एक पाय गादीच्या कडेवर टाकला, त्या लखलखीत प्लास्टिकवर. तो पाय तिथे राहिलाच नाही. मोबाइल उडून सोफ्याखाली गेला आणि चोलेंग धाडकन फळ्यांवर आदळली. कठड्याला लटकलेल्या पेपंगने हाड मोडल्याचा आवाज ऐकला.

"तिया पेपंग!" सोफ्याखालून वेना ओरडत होती. "पडलीस का? कोण पडलं? बोला ना कोणीतरी!"

चोलेंगचा चेहरा राखेसारखा झाला होता. मनगट नको त्या बाजूला वळलं होतं. तिने दात आवळले, डोळ्यांनीच पेपंगला गप्प राहायची खूण केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कोणी नाही पडलं गं! फोन पडला!"

मग तिचे डोळे मिटले.

पेपंग आणि बहिणीमध्ये चार फळ्यांचं अंतर होतं, आणि चारही फळ्या नुकत्याच मेण लावलेल्या. चालत जायची तिची हिंमत नव्हती. तिला मुंग्या आठवल्या, टेबलाची खालची बाजू आठवली. शिडीवरून उतरतात तशी ती पाठमोरी झाली, एक गुडघा खाली टेकला, मग दुसरा, मग कठडा सोडला आणि दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले. इतके महिने जिला भ्याली त्या जमिनीवर ती आपणहून उतरली. जमीन गार होती. नुसती गार होती, बाकी तिने काही केलं नाही.

रांगत रांगत जाऊन तिने चोलेंगचं डोकं मांडीवर घेतलं. "दाय, डोळे उघड. उघड गं. मी आलेय."

चोलेंगने डोळे उघडले. "मानांग, ते सरकलं. पाय ठेवला आणि सरकलंच. केवढं घसरतं ते!"

"रोजच घसरतं."

"रोज?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"तुला सोडून जावं लागलं असतं," पेपंग म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना.

सोफ्याखाली वेना अजून हाका मारत होती. पेपंगने चोलेंगचं डोकं हळूच सोफ्यावरून ओढलेल्या उशीवर ठेवलं, पालथी पडून हात लांबवला आणि मोबाइल ओढून घेतला. चोलेंग मान हलवत होती, सांगू नकोस, सांगू नकोस. पण तिचं मनगट सुजून टम्म झालं होतं.

"वेना, चोलेंग पडली. हात मोडलाय. मला उचलायला आली आणि तुझ्या गादीवरच्या प्लास्टिकवरून घसरली."

"कसलं प्लास्टिक?"

"तुझंच. गुंडाळून आलेलं."

"तिया! ते काढलं नाहीत तुम्ही?"

"काढायचं होतं?" पेपंगने विचारलं.

वेनाला रडूच फुटलं. किती चकाकतंय म्हणून कौतुक तिनेच केलं होतं, आणि तिच्या स्वतःच्या गाडीच्या सीटवर अजून प्लास्टिक आहे, हे तिने रडता रडताच सांगून टाकलं. पेपंगने मग रांगतच खिडकीशी जाऊन शेजारच्या बेर्तिंगला हाक मारली. त्याने चोलेंगला आपल्या तीनचाकी ट्रायसिकलमध्ये घालून इस्पितळात नेलं.

संध्याकाळी प्लास्टरमधला हात घेऊन चोलेंग घरी आली तेव्हा वेनाने पुन्हा विचारलं, सिस्टरांना काय सांगू?

"सांग, म्हणावं पेपंगला सवड नाही," पेपंग म्हणाली. "हिची वेणी कोण घालणार? भात कोण लावणार?"

दुसऱ्या दिवशी पेपंग सुरी घेऊन त्या साधनासमोर बसली आणि तिने सगळं प्लास्टिक टराटरा फाडलं. कठड्याचं, गादीचं, रबरी पायांचं. प्रत्येक आवाजाला चोलेंग खुर्चीत दचकत होती. आतली गादी मांजराच्या जिभेसारखी खरखरीत निघाली. पेपंगने तिच्यावर पाय ठेवला. पाय जिथे ठेवला तिथेच राहिला. तिने दुसरा ठेवला. तोही राहिला. तिला आधी राग आला, मग रडू आलं, आणि बराच वेळ ती कठडा धरून तशीच उभी राहिली.

चोलेंगचं प्लास्टर निघायला अवकाश होता. पण आता तिलाही चालताना धसका बसायचा, भिंत धरून धरून चालायची. डॉक्टर म्हणाले, हिलाही त्याच गादीवर उभं करा. पेपंग स्वतः अनवाणी उभी राहून खाली उतरली आणि म्हणाली, "चल, आता तू."

चोलेंगने चांगल्या हाताने कठडा धरला. एक पाय वर ठेवला आणि झटकन मागे घेतला. तिच्या ओठांवर घाम फुटला होता.

"मानांग, सरकतंय ते."

ते सरकत नव्हतं. भीती मनात असते, हे वाक्य पेपंगच्या जिभेच्या टोकावर आलं. इतके महिने रोज ऐकून ते तिला तोंडपाठ झालं होतं.

"सरकतंय ना?" ती बहिणीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. "मग कठडा सोड आणि मला धर."

चोलेंगने पेपंगच्या खांद्यावरचं कापड मुठीत आवळलं आणि पुन्हा पाय उचलला.