एकशे एकोणसत्तर डॉलरचं पिस्तूल

माझ्या दुकानात बंदुका आणि गळाला लावायची गांडुळं एकाच छपराखाली विकली जातात. दारापाशी एक लाकडी बाक आहे. त्यावर हॉबर्ट आणि आणखी दोन पेन्शनर सकाळपासून फुकटची कॉफी ढोसत बसतात. केंटकीच्या या डोंगरात चाळीस वर्षं धंदा केला की माणसाला वाटायला लागतं, बंदुकीतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही. मला तर तसं फारच वाटायचं.

त्या गुरुवारी दुपारी ट्वायला आली. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती ती. एप्रन अजून अंगावरच होता. तिने काचेवर बोट ठेवलं.

"एमेटकाका, हे एकशे एकोणसत्तरवालं कसं आहे? घेण्यासारखं आहे का?"

"तुला कशाला हवंय गं?"

"सोमवारी डेल तुरुंगातून सुटतोय."

डेल तिचा घटस्फोट झालेला नवरा. त्याने तिचा जबडा मोडला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"त्याने माझ्या घराकडे फिरकायचं नाही असा कोर्टाचा कागद आहे," ती म्हणाली. "पण कागदाने दार अडतं का, काका?"

तेव्हाच मी विचारायला हवं होतं, पोरी, सोमवारनंतर जाशील कुठे, झोपशील कुठे. मी बाकाकडे बघितलं. बाक कान टवकारून बसला होता.

"ते फेकून मारायला झकास आहे," हॉबर्ट म्हणाला. "फक्त नेम धरून फेक."

सगळे हसले. जबड्यावर हात ठेवून तीही हसली. मग मला चेव आला. पहिली गोळी सुटेल, दुसरी अडकेल, आणि अडकलेली काढेपर्यंत तुझा कारभार आटोपलेला असेल, असं मी तिला सांगितलं. महाग एकदा रडवतं, स्वस्त रोज रडवतं, हेही ऐकवलं. चारशे ऐंशीचं पिस्तूल काढून तिच्या हातात दिलं. "जीव एकच असतो. तिथे काटकसर करू नये."

"माझ्याकडे एकशे ऐंशीच आहेत. पगार पुढच्या शुक्रवारी."

"मग शुक्रवारी ये. तुझ्या नावाने बाजूला काढून ठेवतो. कुणाच्या बापाला देणार नाही."

"आठ दिवस थांबू म्हणता?"

"आठ दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

तिने पुन्हा एकदा त्या स्वस्तातल्या पिस्तुलाकडे बघितलं. "तुम्हाला जास्त कळतं, काका," म्हणाली आणि रिकाम्या हाताने गेली. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची फोनवरून सरकारी चौकशी करावी लागते, ती दहा मिनिटांत आटोपली असती. दहा मिनिटांनी ते पिस्तूल तिच्या पर्समध्ये असतं.

मी चांगल्या पिस्तुलाला तिच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली. संध्याकाळी घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव खाताना बायकोला, नोरीनला, सांगितलं की आज एका पोरीला भंगार घेण्यापासून वाचवलं. मला खरंच बरं वाटत होतं.

डेल मंगळवारी गेला तिच्याकडे. दोन लाथांत दार आत पडलं. फोन तिच्या हातात होता आणि लागलाही होता, असं पोलीस म्हणाले. त्यांची चौकी तिथून बावीस मैलांवर.

शुक्रवारी, तिच्या पगाराच्या दिवशी, आम्ही तिला मूठमाती दिली. हॉबर्टने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. ते भंगार अडकलंच असतं." बाकीच्यांनीही तेच म्हटलं. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. नोरीनने मात्र गाडीत बसल्यावर विचारलं, "दुकानात चाळीस बंदुका आहेत तुझ्या. त्यातली एक आठ दिवस तिला देता आली नसती?" खरं सांगतो, ते मला सुचलंच नव्हतं.

पिस्तूल असतं तर ती जगली असती, असं मी म्हणत नाही. कदाचित त्याने तेच हिसकावून घेतलं असतं. पण तिने सल्ला विचारला होता, आणि मी तो बाकाला खूश करायला दिला.

शनिवारी दुकान उघडलं तर ती चिठ्ठी तशीच लटकत होती. बैल गेला नि झोपा केला. मी काचेतून एकशे एकोणसत्तरवालं काढलं, गोळ्यांचे चार डबे घेतले आणि दुकानामागे नेमबाजीसाठी रचलेल्या मातीच्या ढिगाऱ्याकडे गेलो. बाकावरचे तिघे मागोमाग आले. काय बघायचं आहे ते कुणाला सांगावं लागलं नाही.

पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. दहा झाल्या. पहिला डबा संपला. हॉबर्ट आधी मोठ्याने मोजत होता, मग मनात मोजायला लागला, मग त्याने मान खाली घातली. दुसरा डबा संपला. नळी इतकी तापली की हात लागला तिथे चटका बसला.

"एमेट, बास कर," तो म्हणाला.

मी पुन्हा गोळ्या भरल्या. अडक, मी म्हणत होतो, अगं बाई, एकदा तरी अडक. चारही डबे रिकामे झाले. दोनशे गोळ्या सुटल्या, आणि एकही अडकली नाही.