मॅचपुरता अबोला

चष्मेवाल्याने पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली, ओठ घट्ट मिटले आणि टेबल टेनिसच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसला.

समोरच्या टेबलापाशी त्याची लेक खारू सर्व्हिसच्या तयारीत होती. चेंडू तळहातावर ठेवून तिने मान वळवली आणि बाबाकडे पाहिलं. एरवी या क्षणी "मनगट!" अशी आरोळी यायची. आज काहीच आलं नाही. चेंडू नेटमध्ये गेला.

आत शिरतानाच प्रशिक्षक सरांनी त्याला पाण्याच्या कूलरपाशी गाठलं होतं.

"साहेब, आजची एक मॅच तोंडातून शब्द काढू नका. हात जोडतो."

"अहो, तिच्या भल्यासाठीच ओरडतो ना मी."

"पोरगी खेळ सोडायचं म्हणतेय."

"मला नाही म्हणाली."

"तुम्हाला कशी म्हणेल? आणि हे आपलं बोलणं तिला सांगू नका. उगाच तुमच्याकडेच बघत बसेल."

आपल्या चष्म्याच्या दुकानात हा माणूस लोण्यासारखा मऊ. नंबर तपासायला आलेल्या म्हाताऱ्याला पुन्हा पुन्हा विचारणार, "आता कसं दिसतंय? घाई नाही, सावकाश सांगा." हा मऊपणा शटर ओढताना आतच अडकून राहत असावा, कारण हॉलमध्ये त्याने घसा साफ केला तरी पंच दचकून बघत.

"काय शेठ, आज बॅटरी उतरली का?" मागच्या रांगेतल्या एका बापाने टोमणा मारला.

चष्मेवाल्याने गोळी या गालातून त्या गालात नेली.

खारू प्रत्येक चेंडूनंतर त्याच्याकडे बघत होती. पहिला गेम तिने बघण्यातच घालवला. "पाय हलव" हे शब्द त्याच्या घशापर्यंत येऊन परत फिरले. मग हात बोलायला लागले, तेव्हा त्याने ते मांडीखाली दाबून धरले.

दुसऱ्या गेममध्ये चेंडू नेटला घासला, टेबलाच्या कडेवरून घरंगळला आणि खाली पडला. तो उचलायला दोन्ही मुली एकदमच टेबलाखाली वाकल्या. टण्णकन डोकी आपटली. वर आल्या त्या कपाळ चोळत, खो खो हसत. खारूला तर रॅकेट धरवेना.

"पाहिलंत?" असं कुणालातरी म्हणायला चष्मेवाला वळला. डावीकडची खुर्ची रिकामी होती. उजवीकडचीही. या हॉलमध्ये त्याच्या शेजारी बसायला कुणी धजत नसे.

त्यानंतर खारूने एकदाही मान वळवली नाही. मारावासा वाटला तसा चेंडू मारला, चुकला की स्वतःशीच जीभ चावली, आणि व्यवस्थित हरली. हरल्यावर जिंकलेल्या मुलीलाच आपली फिरकी सर्व्हिस शिकवत उभी राहिली. मग बॅग घ्यायला वळली आणि बाबा दिसला. तिने हसणं थांबवलं, बॅगेची चेन लावली.

बाहेरच्या पायऱ्यांवर ती म्हणाली, "सॉरी, बाबा."

"कशाबद्दल?"

"बॅकहँड उशिरा गेला. पाय हलले नाहीत. मनगट ढिलं." शब्द त्याचेच होते, क्रमही त्याचाच.

"मी कुठे काय म्हणालो?"

"तेच ना. एरवी हरल्यावर अबोला धरतोस. आज आधीपासूनच धरलास."

गाडीची किल्ली त्याच्या हातातच राहिली.

"अबोला नव्हता गं तो. सरांनीच सांगितलं होतं, गप्प बसा म्हणून."

"म्हणजे तू रागावला नव्हतास?"

"छे."

तिने श्वास सोडला. बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग त्याच्याकडे न बघता, फार जपून विचारलं,

"मग पुढच्या मॅचला तुझ्याऐवजी आई आली तर चालेल?"

"आई? तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"हो ना!" खारू म्हणाली, आणि उरलेल्या पायऱ्या उड्या मारत उतरली.