तळाच्या थाळीतलं पाणी

मित्रांनो, मला जुनी म्हणायचं तर माझं वय अवघं तीन वर्षं. पण आज माझ्यावर पांढरी चादर आहे, माझी वायर गुंडाळून ठेवली आहे आणि स्वयंपाकघरात येणारा माणूस माझ्याकडे पाहून आवाज खाली आणतो. एवढं झालं की वस्तू जुनीच होते. मी फळं सुकवायची पेटी आहे. दुकानदार मला डिहायड्रेटर म्हणायचा. ज्या घरात मी आले तिथे कोणाची जीभ त्या नावाला वळली नाही, म्हणून मी पेटीच राहिले.

माझी गोष्ट थोडी भीतीची आहे. तुम्हाला घाबरवायला मी ती सांगत नाही. मलाच अजून तिची भीती वाटते आणि एकटीने ती सांभाळणं जमत नाही, म्हणून सांगते.

सावर्ड्याच्या बाजारातल्या एका दुकानात आम्ही तिघी शेजारी शेजारी उभ्या होतो. एक प्लॅस्टिकची गोल, थाळीवर थाळी रचलेली. दुसरी कपाटाएवढी उंच. आणि मी. मला सहा जाळ्या, पाठीत पंखा, पुढे काचेचं दार, तळाशी ठिबकणारा रस धरायला एक पत्र्याची थाळी आणि पस्तीसपासून पंचाहत्तर अंशांपर्यंत फिरणारं एक बटण. हफीजा आणि तिचा नवरा अली आले ते एप्रिलच्या कडक दुपारी. गुहागरकडच्या एका खाडीकाठच्या गावात त्यांचं घर आणि घरामागे बाग. केळी, फणस, कोकमाची चार झाडं. पाऊस लागला की ऊन नाही, आणि झाडावरचं मात्र पिकायचं थांबत नाही. म्हणून तिला पेटी हवी होती.

तिने गोल पेटी उचलून तिचं बूड पाहिलं. "हिचा पंखा खाली. खालची थाळी करपायची नि वरची ओलीच राहायची. दर तासाला थाळ्या बदलत कोण बसेल?" उंच पेटीला तिने नुसता हात लावला. "एवढी भरायला माझी बाग पुरायची नाही. अर्धी रिकामी पेटी चालवून वीज कशाला जाळू?" मग माझी जाळी ओढून तिने नखाने खरवडली आणि दुकानदाराला विचारलं, "कोकमाला मीठ असतं. ही गंजणार नाही ना?"

अली हसत होता. "हफीजा, पेटी घ्यायला आलीस की मुलगी बघायला?"

"मुलगी सासरी जाते," ती म्हणाली. "ही माझ्याकडे राहायची आहे. नीट बघायला नको?"

अशी माझी निवड झाली. खोटं कशाला बोलू, मी फुगूनच गेले होते.

पुढची दोन वर्षं माझी सुखाची. कोकमाची सोलं हफीजा अंगणात उन्हातच सुकवायची, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा वाळत घालायची, सात वेळा. ढग आले तरच ती माझ्याकडे यायची. पण केळी आणि फणसाचे गरे माझेच. केळ्याच्या चकत्या ती एकसारख्या जाडीच्या कापायची, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडायची आणि बटण पंचावन्नवर ठेवायची. आठ तास, कधी दहा. मध्ये एकदा जाळ्या वरखाली. झालं की चकती गार होऊ द्यायची आणि मगच मोडून पाहायची. आत ओल दिसली तर सगळं परत माझ्या पोटात. तिची मुलगी उमैमा अभ्यासाची वही घेऊन माझ्या उबेला बसायची. शेजारची मालन स्वतःच्या झाडाचा फणस घेऊन यायची आणि माझ्या दारावर थाप मारून म्हणायची, "तुजी पेटी म्हंजे पावसातला ऊन हाय बघ."

अली जहाजावर फिटर होता. सहा महिने पाण्यावर, तीन महिने घरी. निघताना त्याच्या बॅगेत हफीजाच्या हातची एक पुडी असायचीच. जहाजावर इतरांनी मागितलं तर तो प्रत्येकाला एकच चकती द्यायचा, असं तो स्वतःच सांगायचा आणि हफीजा त्याला कंजूष म्हणायची.

या वर्षी मे महिन्यात कंपनीचा फोन आला. आठ दिवसांनी निघायचं होतं ते उद्या सकाळीच निघा. घरात एकच धांदल उडाली. केळीचा घड पिकलेला, पुडी तयार नाही. पुडीशिवाय माणूस पाठवायचा हे हफीजाच्या जिवावर आलं. तिने चकत्या जाड कापल्या आणि माझं बटण थेट पंचाहत्तरवर फिरवलं. तीन तासांत चकत्या वरून कडक झाल्या, रंगही छान आला. गरम असतानाच तिने त्या पुडीत बांधल्या. मोडून पाहिली नाही. इतकी मोठी आच एकदम लागली की फळाचा वरचा थर आवळतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. तिला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण मी तर त्या दिवशी माझ्या वेगावर खूश होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अलीचा फोन आला. हफीजाने तो माझ्याजवळ उभी राहूनच घेतला. "तुझ्या केळ्यांना बुरशीची दाढी आली गो," तो खदखदून हसत म्हणाला. "समुद्रात टाकली सगळी. दुसरी पुडी करून ठेव."

चार दिवसांनी तो जहाजावरून पाण्यात पडला. मिळाला नाही.

जुलैत अदनान आला. अलीच्याच जहाजावरचा, गुहागरचा. त्याने अलीची बॅग आणून ठेवली आणि मान खाली घालून म्हणाला, "भाभी, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. लाट आली नि भाई गेले. दोन दिवस शोधलं आम्ही."

हफीजाने त्याला चहा दिला. तिचे डोळे कोरडे होते. गावातल्या बायका म्हणाल्या, इद्दतीला बस. नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरात त्याच्या दुःखात राहायचं, ती इद्दत. हफीजा म्हणाली, "मय्यत कुठे आहे? त्यांनी पुडी मागितली आहे, मी पुडी करते."

आणि मग मित्रांनो, मी रोज चालू लागले. सकाळी चकत्या, संध्याकाळी बरणी. फडताळ भरलं, खाट भरली, खिडकीत बरण्या लागल्या. बागेतलं एक केळं कोणी ताजं खायचं नाही. हफीजा स्वतः जेवायची नाही, उमैमाने काही विचारलं तर तिला ऐकू यायचं नाही. मालन एकदा चिडून म्हणाली, "पोरीला एक केळा तरी खाव दे गो!" हफीजाने मालनच्या हातातून केळं काढून घेतलं आणि कापायला घेतलं. घरात जिवंत असलेल्या मुलीला आई राहिली नव्हती. मी पाहत होते आणि माझा पंखा फिरत होता.

ऑगस्टात एका संध्याकाळी उमैमाने माझी तळाची थाळी ओढली. थाळीत पाणी होतं, वाटीभर.

मला हे कसं समजावून सांगू? माझ्यात पाणी थांबत नाही. मी ते फळातून काढते आणि वाफ करून पाठीमागून बाहेर टाकते. आठ तास गरम वारा खेळल्यावर माझ्या तळाशी थेंब राहणं शक्य नाही. पण त्या दिवशी दुपारपासून मला खालून गार लागत होतं. उमैमाने बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. पाणी खारट होतं. त्याला बंदरासारखा वास होता, डिझेलचा आणि शेवाळाचा.

तिने मालनला हळूच सांगितलं. "कोकमाचा मीठ ऱ्हायला असंल," मालन म्हणाली. कोकम यंदा माझ्यात शिरलंच नव्हतं. तरी दोघींनी मला रिकामं करून गरम पाण्याने धुतलं, फडक्याने कोरडं केलं. दुसऱ्या संध्याकाळी थाळी पुन्हा भरलेली.

तिसऱ्या दिवशी उमैमाने खालच्या जाळीवरच्या चकत्या मोजल्या. सकाळी चाळीस होत्या, संध्याकाळी एकतीस. दार बंद होतं. उंदराला शिरायला माझ्यात फट नाही. ज्या जागच्या चकत्या गेल्या तिथे जाळीवर मिठाचे पांढरे ठिपके होते, ओल्या बोटांनी एकेक चकती उचलल्यावर राहतील तसे. मित्रांनो, मी तिथेच होते, आणि तरीही कोणी दार उघडलेलं मला कळलं नाही. पंख्याचा आवाज तेवढा जड झाला होता, वारा कशाला तरी वळसा घालून जात असल्यासारखा.

उमैमाने आईला काही सांगितलं नाही. अम्मीने हे पाहिलं तर ती म्हणेल अब्बा येतात, आणि मग ती या पेटीपासून कधीच उठणार नाही, हीच तिला धास्ती होती. मग ते लेकरू रोज मगरिबच्या, दिवस मावळतानाच्या, अजानची वाट पाहू लागलं. हफीजा नमाजला उभी राहिली की ही माझं दार उघडायची, पाणी मोरीत ओतायची, जाळी पुसायची, उरलेल्या चकत्या पसरून मोकळी जागा झाकायची. सात दिवस तिने हे केलं. बारा वर्षांच्या मुलीने हे करावं, याची मला आजही लाज वाटते.

आठव्या दिवशी शाळेतून येणारी एसटी घाटात अडकली. अजान झाली, नमाज झाली. हफीजा पदर सावरत आली आणि तिने स्वतः माझं दार उघडलं.

खालची जाळी पूर्ण रिकामी होती. थाळी काठोकाठ भरली होती आणि पंखा चालू असूनही पाणी स्थिर होतं. हफीजाने थाळी बाहेर काढली, वास घेतला आणि ती जमिनीवर बसली. तेवढ्यात उमैमा धावत आत आली. दप्तर तसंच पाठीवर, केस भिजलेले. आईच्या मांडीवर थाळी पाहून ती ओरडली, "अम्मी, छप्पर गळतंय, त्याचं पाणी आहे ते!"

हफीजाने मान हलवली. किती दिवसांनी तिने मुलीकडे नीट पाहिलं होतं! "नाही गो," ती म्हणाली. "तुझ्या अब्बांना पुडी पोचली. जिवंत असते तर दारातून येऊन मागितली असती. ते आता येत नाहीत."

आणि ती रडली. मित्रांनो, इतकं पाणी मी कुठल्याच फळातून काढलेलं नाही. उमैमा तिच्या गळ्यात पडली, दोघींच्या मध्ये थाळी कलंडली, पाणी सगळ्या फरशीवर पसरलं आणि ते पुसायला कोणी उठलं नाही. आवाज ऐकून मालन आली. तिने माझं बटण बंद केलं आणि दारातल्या घडाची दोन केळी तोडून मायलेकींपुढे ठेवली. आधी उमैमाने खाल्लं. मग हफीजाने.

दुसऱ्या दिवसापासून हफीजा इद्दतीच्या उरलेल्या दिवसांना बसली. माझ्यावर चादर पडली. माझ्या तळाला त्यानंतर पाणी आलेलं नाही. माझा राग कोणालाच आलेला नाही, पण मला कोणी हातही लावत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पुढे कधी तुमच्या घरी माझ्यासारखी पेटी आलीच तर तिला घाई करायला लावू नका. मंद आच द्या, वेळ द्या आणि डब्यात भरण्याआधी एक चकती मोडून पाहा. तुमच्या घरात कोणाचे डोळे फार दिवस कोरडे असतील तर त्याच्याजवळ जाऊन बसा, कसं आहेस म्हणून विचारा, आणि उत्तर यायला कितीही वेळ लागला तरी तिथून उठू नका.