पाणी विहिरीतच फिरतंय

देवरामच्या छातीत पंप बसवला ते साल २००९. जानोरीत तेव्हा घरोघर गुलाबाची शेती आणि विहिरीवर मोटार होती, पण माणसाच्या अंगात मोटार बसवतात हे कुणी ऐकलं नव्हतं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, आता रक्त हा पंप ढकलेल. पोटातून एक वायर निघून कमरेच्या डबीला जोडलेली. मिनिटाला किती लिटर रक्त जातं, तो आकडा डबीवर दिसे.

गाव बघायला आलं. मालनबाई सुईण, नाडीही पाहायची. तिनं सवयीनं देवरामचं मनगट धरलं. बोटं सरकवली, पुन्हा धरलं. मग हात अलगद खाली ठेवला, मेलेल्या माणसाचा ठेवतात तसा.

"कलाबाई," दाराशी येऊन ती कुजबुजली, "तुझ्या मालकाला नाडीच नाय गं."

"पंपाला ठोके नसतात मावशी. सारखा वाहतो तो."

"माणूस हसतोय, बोलतोय, न् नाडी नाय! मी नाय बाई परत येत."

आली नाही.

कलाबाईलाही भर दुपारी कधी कधी चरकल्यासारखं होई. देवराम डोळे मिटून पडलेला, आणि त्याच्या छातीतून बारीक गुणगुण येत राहायची, रिकाम्या घरात कुणी मोटार चालू ठेवून गेल्यासारखी.

मग तिनं त्या आकड्यावरच भिस्त ठेवली. कॉलेजात जाणारी लेक शुभांगी सकाळी तो वाचून दाखवी. पाच. साडेपाच. आकडा वाढला की कलाबाई सप्तशृंगीच्या तसबिरीपुढं साखर ठेवी. आठ महिन्यांनी आकडा सातावर गेला, तेव्हा तिनं आळीत पेढे वाटले.

आणि त्याच महिन्यात देवरामला धाप लागू लागली. पायांना सूज आली. उशा रचून बसल्याशिवाय त्याला श्वास पुरेना.

"आई, आज सात पॉइंट दोन!" शुभांगी ओरडली.

"मग माझे पाय का गार पडलेत?" देवराम म्हणाला. "आत कुणीतरी उपसतंय, न् परत आतच ओततंय. कला, मला ऐकू येतंय ते."

कलाबाईनं सदरा बाजूला करून छातीला कान लावला. वीस वर्षं विहिरीवरची मोटार तीच चालवत होती. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. एका उन्हाळ्यात पाइप विहिरीच्या आतच फुटला होता. मोटार जोरात, मीटरचा काटा वर, आणि वाफे कोरडे. पाणी वर यायचं आणि आतच कोसळायचं.

 तिनं याचेच पेढे वाटले होते!

तिनं मुंबईला फोन लावला. मशीन बघणारा माणूस म्हणाला, "आकडा झकास आहे ताई. पुढच्या महिन्यात तपासणीला या."

"साहेब, पाणी विहिरीतच फिरतंय."

"काय?"

"पंप ढकलतो ते रक्त अंगाला मिळतच नाय. मागं फिरून परत पंपातच येतंय. तुमची डबी तेच तेच रक्त मोजतीय."

त्यानं फोन न ठेवता ते डॉक्टरांना सांगितलं. मग डॉक्टरांचा आवाज आला, "आजच निघा."

तपासणीत तेच निघालं. हृदयाच्या दारावरची झडप गळत होती. पंपाचा दाब सतत वरून पडायचा, तिला उघडझाप करायचं कामच उरलं नव्हतं. म्हणूनच ती सैल पडली होती.

"झडप शिवून टाकावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण मग त्यांचं हृदय स्वतः एक थेंबही बाहेर टाकू शकणार नाही. पंप थांबला, तर हातात काही मिनिटं."

"आन् नाय शिवली तर?"

"काही आठवडे."

 कलाबाईनं विचारलं, "शिवल्यावर ते हृदय करील काय?"

"हलत राहील. नुसतंच."

"घरजावयागत," देवराम धापा टाकत म्हणाला. "टाक सही."

तिनं टाकली.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तो शुद्धीवर आला. नर्सनं आकडा सांगितला, साडेचार. शुभांगीचं तोंड उतरलं. कलाबाईनं पांघरुणाखाली हात घालून नवऱ्याचे तळवे चाचपले. ऊन होते.

"असू दे कमी," ती म्हणाली.

दारं शिवलेल्या घरात कुणी येरझाऱ्या घालाव्यात, तसं त्याच्या छातीत ते जुनं हृदय हलत असेल. तिनं तिकडे कान नेला नाही.