मंगळवारचा फॉरवर्ड

कागद कारखान्याच्या फुटबॉल संघात कटिंग मशीनवरच्या एका कामगाराला सगळे नकल्या म्हणत. चार वर्षांत तो खऱ्या सामन्यात एकूण एकोणीस मिनिटं खेळला होता, आणि तीही संघ तीन गोलांनी पुढे असताना, म्हणजे कुणालाही उतरवलं तरी चाललं असतं तेव्हा. पण मंगळवारच्या सरावात त्याच्यावाचून पान हलत नसे. येत्या रविवारी ज्यांच्याशी गाठ, त्यांचा फॉरवर्ड कसा पळतो, कुठल्या खांद्यावरून वळतो, हे तो आधीच पाहून येई आणि मंगळवारी तोच होऊन खेळे. त्याला अडवायचं काम दाजींचं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, संघाचे बॅक, अंगाने दाराएवढे. रविवारी खरा फॉरवर्ड समोर आला की दाजींना तो जुन्या ओळखीचा वाटे. गोल होत नसत, दाजींचं कौतुक होई आणि नकल्या बाकावर बसून टाळ्या वाजवी.

त्याला वाईट वाटत नव्हतं असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं. वय एकतीस झालेलं. बायको दर रविवारी जर्सी धुऊन हातात देई आणि संध्याकाळी तशीच कोरी परत घेई, तोंडातून अवाक्षर न काढता. ती चार शब्द बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मोसमाचा शेवटचा सामना आला तेव्हा संघ तळाला होता; गोल फारसे खाल्ले नव्हते, पण केलेही नव्हते. जिंकलो तर टिकलो, नाहीतर रवानगी खालच्या गटात. आणि नेमका शुक्रवारी संघाचा फॉरवर्ड, ज्याला त्याच्या उंचीपायी उंट म्हणत, जिना उतरताना पाय मुरगळून बसला.

"घ्या नकल्याला," संघ सांभाळणारे स्टोअरकीपर म्हणाले. "बुडत्याला काडीचा आधार."

काडीने मग काडीसारखंच केलं. पहिल्या हाफमध्ये नकल्याने उंटाची नक्कल केली. बाकीचेही सवयीने उंच चेंडू टाकत राहिले, आणि हा उड्या मारमारून समोरच्या बॅकच्या छातीवर डोकं आपटत राहिला. कुणाचाच गोल झाला नाही.

मध्यंतरात स्टोअरकीपर खोलीत शिरले ते तापलेलेच. "काय माकडउड्या लावल्यायस? तुला स्वतःचा असा काही खेळ आहे की नाही रे?"

नकल्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नसावा बहुतेक," तो म्हणाला.

"मग बस बाहेर."

"आहे त्याला," कोपऱ्यातून दाजी बोलले. ते बुटाची नाडी बांधत होते, मान वर न करता. "काढू नका त्याला, साहेब. मंगळवारी शेवटच्या दहा मिनिटांत याचा दम संपतो, नक्कल जमत नाही. मग हा गोलकडे पाठ करून उभा राहतो. चेंडू पायाखाली धरतो, कुणीतरी पळत येईपर्यंत थांबतो आणि हळूच पुढे सरकवतो. मी अंगावर गेलो तरी फसतो, नाही गेलो तरी फसतो."

"मग आजवर मूग गिळून का बसला होतात?"

दाजींनी नाडीची गाठ घट्ट ओढली. "बोललो असतो तर तुम्ही याला रविवारी उतरवलं असतं. मग मंगळवारी हा स्वतःचाच सराव करत बसला असता, मला कोण शिकवणार होतं?"

नकल्याचं डोकं सणकलं. ताईच्या घरी पंगतीला शेजारी बसून 'तुझीही वेळ येईल' असं सांगणारा हाच माणूस! बहिणीचा नवरा नसता तर हातातली पाण्याची बाटली त्याने फेकून मारली असती. ती त्याने खाली ठेवली.

"उंच टाकू नका कुणी," तो बाकीच्यांना म्हणाला. "पायात द्या. आणि दिल्यावर बघत उभे राहू नका, पळा."

कुणी वाद घातला नाही. मंगळवारची ती दहा मिनिटं सगळ्यांनीच पाहिली होती. दमलेल्या माणसाचा खेळ म्हणून कुणी हिशेबात धरली नव्हती, इतकंच. स्टोअरकीपरांनी नुसता हात झटकला.

दुसऱ्या हाफमध्ये चेंडू पायात येऊ लागला आणि पळणारे पळू लागले. दोनदा थोडक्यात हुकलं. सामना संपायला पाच मिनिटं उरली असताना नकल्या गोलकडे पाठ करून उभा होता, चेंडू पायाखाली, मागे त्यांचा बॅक चिकटलेला. डावीकडचा गडी अडकला होता, उजवीकडचाही. समोरून आपली जागा सोडून दाजी धावत येत होते. देऊ नये, असं क्षणभर खरंच त्याच्या मनात आलं. पण मोकळे तेच होते. त्याने चेंडू सरकवला. दाजींनी तो अंगातली सगळी ताकद लावून मारला, आणि गोल झाला.

एक शून्यने जिंकले. सगळे दाजींच्या अंगावर पडले, हे सांगायला नकोच.

गर्दी पांगल्यावर दाजी येऊन त्याच्या शेजारी गवतावर बसले.

"तुझी चार वर्षं खाल्ली रे मी," दाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"तीन," नकल्या म्हणाला. "पहिल्या वर्षी मला खरंच येत नव्हतं."