द्वाडपणा गेला

"बघा बाई, कसा देवासारखा बसलाय!" सरुबाई कौतुकानं म्हणाल्या. "दिवाळीत आला असतात तर याच्या दंग्यानं घरात बसू दिलं नसतं. दृष्ट काढली आन् शाना झाला."

महापालिकेच्या दवाखान्यातल्या नर्स हेमाताई आपले दुखरे गुडघे मुडपून सरुबाईंच्या घरी फरशीवर बसल्या होत्या. समोर त्यांचा अडीच वर्षांचा नातू, सार्थक. हेमाताईंनी ठोकळ्यावर ठोकळा रचून दाखवला आणि एक त्याच्या हातात दिला. तो घरंगळला. कुठं गेला, हेही सार्थकनं पाहिलं नाही.

पोरं तपासण्यात हेमाताईंची नोकरी सरत आली होती. बसमध्ये परक्याच्या मांडीवरच्या बाळानं चष्म्याकडे हात नेला, तरी त्या मनातल्या मनात त्याचं वय ठरवून मोकळ्या होत. उशिरा चालणाऱ्या, उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आयांना सांगायचं त्यांचं एक वाक्य होतं : प्रत्येक लेकरू आपापल्या वेळेनं वाढतं. बहुतेकदा ते खरंही ठरे.

"आधी करायचा आणि आता करत नाही, असं काही आहे का?"

"लई हाय की!" सरुबाईंना हुरूप आला. "फाटक उघडून डंपरमागं पळायचा, पिठाचा डबा सांडायचा, ते सुटलं. 'आजी, आजी' करून डोकं उठवायचा, ते बी बंद. जिना चढून गच्चीवर जायचा, आता उचलून न्यावा लागतोय. राजावाणी!"

सार्थकची आई शेफाली दारात उभी होती. आधी तीही हसली. जिन्याचं ऐकताना तिचं हसू विरलं.

"आई, थांबा जरा." ती खाली बसली. "सिस्टर, मीच म्हणायचे हो, देवा, याला जरा शांत कर. ऑफिसचा कॉल चालू असला की हा किंचाळायचा... पण शिकेल ना परत? उशिरा का होईना?"

वाक्य हेमाताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"उशिरा येणं वेगळं, शेफाली. आलेलं जाणं वेगळं. उद्याच मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते सोबत."

"औषिदानं पयल्यासारखा व्हईल न्हवं?" सरुबाईंनी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"आवं, पर त्रास तर कायबी देत न्हाई..." बोलता बोलता सरुबाई थांबल्या. नातवाकडे बघत राहिल्या.

मग त्या उठल्या. स्वयंपाकघरातून पिठाचा डबा घेऊन आल्या, झाकण काढून त्याच्यापुढं ठेवला.

"सांड बाळा. समदं सांड. कोण न्हाई वरडत."

सार्थक त्यांच्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघत होता. सरुबाईंनी त्याचा हात धरून पिठात घातला, मूठ भरून दिली आणि आपला हात काढून घेतला.

त्याचा हात होता तिथंच राहिला. बोटं हळूहळू उघडली.