बाबांचा अर्धा राहिलेला डाव

"इंटरनेटची वाट लागलीये, लगेच ये," असा आईचा फोन आला, तेव्हा मी दिंडोशीला घरी होते. मुलुंडला पोचले तेव्हा ती बाबांच्या खुर्चीत, बाबांच्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर लाल त्रिकोण होता आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, तुमचं कनेक्शन खाजगी नाही.

"दोन खोल्यांच्या घरात खाजगी कुठून आणायचं?" आई म्हणाली.

भानगड बुद्धिबळाची होती. बाबा आणि घाटकोपरचे मार्तंडकाका एका वेबसाइटवर वर्षानुवर्षं डाव खेळायचे. एका चालीला तीन दिवस मिळायचे. एप्रिलात बाबा गेले तेव्हा एक डाव अर्धा राहिला. तेराव्याच्या जेवणानंतर काका म्हणाले, "वहिनी, तो तुम्ही पुरा करा," आणि आईने पदर खोचला. आता ऑगस्ट होता. आज संध्याकाळी सातपर्यंत चाल गेली नाही, तर बाबांच्या नावावर हार लागणार होती. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. तो फक्त या कॉम्प्युटरच्या लक्षात होता. साडेसहा होत आले होते.

फोन वाजला. आईने स्पीकर लावला. मार्तंडकाका होते; ते बाबांना नावाने, देवदत्तच म्हणायचे.

"काय वहिनी, नेट गेलं म्हणता? देवदत्तचंही हरायच्या वेळीच जायचं!"

"तुमचं तर डोकंच गेलंय, त्याला आम्ही कधी काही बोललो का?" म्हणत तिने फोन ठेवला.

मी राउटर बंद करून चालू केला. ब्राउझरमधला साठलेला कचरा काढला. काही फरक पडला नाही.

"ते 'तरीही पुढे जा' असतं ना, ते दाब," आई म्हणाली. "तुझे बाबा डोळे मिटून दाबायचे."

"ते येतच नाहीये. आणि आलं तरी दाबायचं नसतं, आई."

बातम्यांची साइट उघडून पाहिली. तिथेही तोच त्रिकोण. माझ्या मोबाइलवर, त्याच वायफायवर, सगळं नीट उघडत होतं. म्हणजे दुखणं कॉम्प्युटरचंच होतं. मग माझं लक्ष पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे मार्च चालू होता.

प्रत्येक सुरक्षित साइट आपलं ओळखपत्र दाखवते आणि त्यावर तारीख असते. या साइटचं ओळखपत्र जूनमध्ये काढलेलं होतं. मार्चमध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला ते खोटं वाटणारच.

"आई, तारीख कोणी बदलली?"

ती नखं बघू लागली.

"आई."

"अगं, बाबा करायचे ना! ते पत्रिका मांडायचं फुकटचं सॉफ्टवेअर महिन्याने बंद पडायचं. की हे तारीख मागे न्यायचे, आणि परत महिनाभर फुकट. मला काही चाल सुचेना. म्हटलं, आपणही जरा वेळ वाढवून घ्यावा."

"वेळ ती साइट मोजते गं, आपला कॉम्प्युटर नाही!"

"मग तसं लिहायला नको का कुठे?"

मला हसू आवरेना. तीही हसली. मग मी विचारलं, "पण दोन-चार दिवस मागे जायचं ना, थेट मार्च कशाला?"

"मागे जायचंच, तर सगळं बरं होतं तिथवर जावं," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

मी माउसवर हात ठेवून थांबले. "बदलू?"

"बदल बदल. तो मार्तंड तिकडे दात काढत बसला असेल."

तारीख ऑगस्टवर आणली आणि साइट उघडली. मी पट पाहिला. बाबांचा राजा कोपऱ्यात, सोबतीला एक घोडा आणि दोन प्यादी. काकांकडे वजीर आणि दोन्ही हत्ती. आईने बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि कडेचं एक प्यादं एक घर सरकवलं.

"याने काय होणार?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग हरणारच की आपण."

"हरू की. पण घाई कोणाला आहे?"

ती चहा टाकायला उठली, तेवढ्यात पडदा लुकलुकला. काकांनी तिथल्या तिथे उलट चाल केली होती.

"या माणसाला काही उद्योग आहे की नाही!" आई परत खुर्चीत बसली, पट नीट पाहिला आणि साइट बंद करून टाकली. "आता माझे तीन दिवस. चहा तूच टाक. आलं किसून घाल, ठेचून नको."